रोडगे आणि काळी एक

राळेगावात मित्रांची गाण्याची बैठक ठरली की मी आधी जेवणाचं ठरवतो. कोण गाणार, काय गाणार, ते मागाहून. मी तबला वाजवणारा, त्यामुळे लोकांना वाटतं याचा सगळा जीव ठेक्यात. पण अशा संध्याकाळी जमवता जमवता माझं एक मत पक्कं झालंय, की घरगुती बैठक बेसूर गळ्यापेक्षा पोळ्यांमुळे जास्त बिघडते. आत तवा तापलेला, पाहुण्यांना गरम पोळी वाढायची म्हणून घरातल्या दोघी-तिघी शेगडीपाशी उभ्या, आणि बाहेर यमन रंगलाय. त्या दोघी-तिघींतल्या एकीचा गळा बाहेरच्या सगळ्यांहून सरस असतो, हे आमच्या घरचंच उदाहरण. ज्या जेवणापायी कुणाला गाणं सोडून उठावं लागतं ते जेवण या कामाचं नाही. मग ते कितीही चवदार असो.

म्हणून रोडगे. कणीक जाडसर दळलेली, तीत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. लहान लहान पोळ्या लाटून, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो वरून आणखी एका पोळीत बांधायचा. हे सगळं दिवस असतानाच उरकतं. वांग्याची भाजी दुपारीच गंजात शिजवून ठेवायची. ती मुरली की उलट चढते. वर सांबार तेवढा वाढताना. तुरीचं वरण आराच्या कडेला ठेवलं की गरमच राहतं. आणि ही कामं आमच्या विदर्भात, निदान वावरातल्या पार्टीत, पुरुष करतात. तिथे कांदा चिरायला लाजणारा माणूस मी पाहिला नाही. तोच माणूस घरी पाण्याचा पेलाही हाताने घेत नाही, हा भाग वेगळा.

जाळाचा विचार मात्र नीट करावा लागतो. हिवाळ्याच्या शेवटी आमच्या भागात पऱ्हाट्यांना तोटा नसतो. पण पऱ्हाटी भडकते आणि विझते, तिच्यावर रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पेटवणीला तुराट्या, आणि खरं काम गोवऱ्यांचं. ढीग रचून पेटवला की जाळ पडून नुसता आर उरायला पाऊण तास ते तास लागतो. मग रोडगे आरात खुपसायचे, अधूनमधून फिरवायचे. त्यांना आणखी तेवढाच वेळ. माझं सगळं नियोजन या दोन तासांवर उभं आहे. पहिल्या तासात माणसं येतात, चहा होतो, वाद्यं लागतात. दुसऱ्या तासात गाणं. आराजवळ एकाच माणसाने बसायचं, आणि तो बसल्या जागेवरून गाणंही ऐकतो. रोडगे झाले की गाणं थांबवावंच लागतं. ते कुणाच्या तानेसाठी थांबत नाहीत. 'भाऊ, निवले तं दगड होतीन,' असं आराजवळून ऐकू आलं की कितीही रंगलेला गायक तिहाई घेतो. स्वच्छ पोत्यात घालून दोघांनी घोळले की राख झडते, मग फोडून वर तूप.

गव्हाशी आमच्या तालुक्याचं नातं जरा जपून वागण्याचंच आहे. राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे, शेजारी राम नसलेल्या एकट्या सीतेचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. कथा अशी सांगतात, की वनवासात बाळंत झालेल्या सीतेने गावात पसाभर गहू मागितले, कुणी दिले नाहीत, तेव्हा 'इथे गहू पिकणार नाही' असा शाप तिने दिला. मी माणशी दोन रोडगे धरतो आणि वर पाच-सहा जास्तीचे टाकतो. या तालुक्यात गव्हाला नाही म्हणण्याची जोखीम कोण घेईल!

आता माझ्या खात्यातला प्रश्न. गाणारे चार असले की पट्ट्या निदान दोन असतात. शाळेतले गुरुजी आणि जिनिंगमधला मित्र काळी एकमध्ये गातात, आमच्या घरी हिची पट्टी काळी चार. पेटीवाल्याला काही नाही, त्याची बोटं सरकली की झालं. तबल्याचं तसं नसतं. दायाँ एका स्वराच्या आसपासच चांगला बोलतो. अर्धा-एक स्वर वरखाली करता येतो, त्यापुढे ओढला तर पुडी तरी जाते नाहीतर नाद तरी. दोन दायें ठेवावेत हे खरं उत्तर. ते नसेल तर एक सोपी वाट आहे: काळी चारचा षड्ज धरला तर तिथून मध्यम बरोबर काळी एकवर येतो. म्हणजे गुरुजींसाठी लावलेला तबला हातोडी न लावता हिला मध्यमात साथ करतो. अट एकच, राग शुद्ध मध्यमाचा हवा. यमनात तीव्र मध्यम, तिथे हा तबला सतत खटकत राहील. म्हणून यमन गुरुजींकडे, संध्याकाळी सुरुवातीला, आणि बागेश्री हिच्याकडे, जेवणानंतर रात्र चढल्यावर. रागाची वेळ आणि तबल्याची सोय अशी एकाच ठिकाणी जुळून आली की मला स्वतःच्या वाजवण्यापेक्षा त्याचा जास्त आनंद होतो. गुरुजींना वाटतं त्यांना मान म्हणून आधी बसवलं. मानही आहेच.

उघड्यावर बसायचं तर दव आणि आर या दोघांमध्ये तबला सापडतो. दवाने पुडी सैल होऊन स्वर उतरतो, उष्णतेने ताणून चढतो. पेटी जिथल्या तिथे, तबला मात्र दर अर्ध्या तासाला नवा. म्हणून माझी जागा आरापासून लांब आणि डोक्यावर छप्पर, कोठ्याच्या पडवीखाली. गाणारे माझ्याजवळ, श्रोते शेकोटीकडे. पाहुण्यांना थंडी वाजली तर घोंगडी देता येते. तबल्याला देऊन भागत नाही.

वावरात बसणंही नेहमी जमलं नाही. अवनी वाघिणीच्या काळात या भागात अंधार पडल्यावर कुणी धुऱ्यावर जायला धजत नसे. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या बोराटीच्या शिवारात तिला गोळी घातली गेली आणि देशभर वाद पेटला. त्या दिवसांत बैठका गावातल्या अंगणात आल्या. अंगणाचे फायदे आहेत. भिंतीवरून आवाज परत येतो, लाउडस्पीकर लागत नाही. तो मी वावरातही लावत नाही. रात्री दहानंतर त्याला कायद्याने मनाई आहेच, पण खरं कारण असं की माइक आला की मित्र कलाकार होतो आणि गप्पा बंद पडतात.

जेवणानंतरचा अर्धा तास सर्वांत अवघड. रोडगा, तूप आणि वरण पोटात गेल्यावर विलंबित ख्याल लावला तर निम्मी सतरंजी आडवी होते. गाणाऱ्याचंही तेच, भरल्या पोटी दम पुरत नाही. हिला मी तेव्हा अर्धाच रोडगा वाढतो आणि उरलेले दीड झाकून ठेवतो. तो अर्धा तास खंजिरीचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरचं भजन वऱ्हाडात गावोगाव पोचवलं, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे आजही पेटी-खंजिरी धरणारी माणसं कुठल्याही खेड्यात सापडतात. मंडळातले आमचे दोघे सायंप्रार्थना आटोपून जेवायला येतात, पान संपलं की खंजिरी आरावर शेकतात. कातडं तापून टणक बोलायला लागलं की पहिल्याच ओळीला सगळे मागे म्हणतात. ज्याला सा कुठे आहे हे माहीत नाही तोही. संगीताची समज असलेले काही मित्र या वेळी पान लावण्याचं निमित्त काढून उठतात. मी त्यांना पुढच्या वेळी आराजवळ बसवतो.

माणसं अशी जागी झाली की मग बागेश्री. त्यानंतर गाणं थोडं सैल सोडायचं. यवतमाळचे वकील भाऊसाहेब पाटणकर यांची मराठी शायरी पाठ असलेला एकजण प्रत्येक बैठकीत असतोच. सुरेश भटांच्या गझला गुणगुणणारेही असतात. यासाठी मी क्रम लिहीत नाही. ज्याला आठवेल त्याने म्हणावं, अडलं तर दुसऱ्याने पुरं करावं. तबला तेव्हा मी बाजूला सारतो.

लिहून ठेवावी लागते ती फक्त भैरवी. ती कोण म्हणणार हे मी एकालाच आधी सांगून ठेवतो, बाकीच्यांना कळू देत नाही. साडेअकरा झाले की त्याच्याकडे बघायचं. भैरवीनंतर कुणी काही म्हणत नाही, हा रिवाज सगळ्यांना मान्य असल्यामुळे निदान गाणं तरी संपतं. वडकीच्या पाहुण्यांना एवढ्यानेही निघावंसं वाटत नाही. त्यांना जास्तीचे रोडगे बांधून हातात द्यावे लागतात, सकाळी दूध-गुळात कुस्करून खा म्हणावं लागतं, आणि गाडीपर्यंत सोबत जावं लागतं.