दोघांची एक यादी : भाग २

रविवार, नांदगाव

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही सॅक ठेवल्या. यांची ९ किलो ४००, माझी ७ किलो ९००. सहा महिने रेल्वे आणि एसटीने फिरायचं, हमाल करायचा नाही, हे ठरलेलं. यांचं वय ५९, माझं ५४. एवढं ओझं घेऊन पुलाचे जिने चढणं जमणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

घरी येऊन यादी वाचली. निम्म्या वस्तूंना कारण एकच : 'असू दे.' दुसरी जीन असू दे, जाड टॉवेल असू दे, तीन पुस्तकं असू देत. मी पुस्तकांसाठी भांडले, हे बुटांच्या दुसऱ्या जोडासाठी. शेवटी ठरलं की हेच ओझं घेऊन आठवडाभर जवळपास फिरायचं, मग काय ते काढायचं. साबण, चार्जर, टॉर्च मात्र आतापासूनच दोघांत एक.

सोमवार, चाळीसगाव

गाडी पन्नास मिनिटं उशिरा. बसायला जागा नाही. चहा ४०, केळी ३०, रिक्षा ६०, खोली ८००, जेवण २६०. डावा खांदा दुखतोय. सॅकचा पट्टा सैल केला तर ओझं कमरेवर आदळतं, आवळला तर मानेत कळ येते. यांचंही तेच. झोपते.

मंगळवार, चाळीसगाव

पाटणादेवीला जाऊन आलो. दिवाळी झाली तरी गौताळ्याचं रान अजून हिरवं, ओढ्याला पाणी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. त्याची नोंद असलेला पाटणचा शिलालेख शके ११२८ चा. त्याबद्दल नीट लिहायचं होतं, पण देवळाची पायरी चढताना लक्ष सगळं खांद्याकडे.

संध्याकाळी कपडे धुतले. सुती सलवार आणि यांची जीन सकाळपर्यंत वाळणार नाहीत. यांचा टेरिकॉटचा जुना शर्ट तासाभरात कोरडा. टॉवेलही ओलाच. घरी जो पंचा पोतेरं करायला काढला होता, तोच आणायला हवा होता.

चहा ६०, गाडीभाडं ७००, जेवण २४०, खोली ८००.

बुधवार, चाळीसगाव

खांदा तसाच. सकाळी स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहिलं. १९८९ साली ते गेले. त्याआधी कित्येक वर्षं ते या घरातून क्वचितच बाहेर पडले आणि टेबलावरच देखावे उभे करून फोटो काढत राहिले. मी बराच वेळ तिथे थांबले. जाण्यासाठी एवढी धडपड करणाऱ्या आम्हाला त्या खोल्यांत फार शांत वाटलं.

रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात, कच्चं शेंगदाण्याचं तेल. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं, भरिताचं वांगं हिरवं आणि हाताला हलकं घ्यावं, जड वांग्यात बिया फार. यांनी ते वहीत लिहून घेतलं. दोघांचं २२०.

गुरुवार, वेरूळ

आजचा दिवस वाईट. चाळीसगाव स्थानकात हे जागा धरायला बसमध्ये चढले, मी स्वच्छतागृहात गेले. बाहेर आले तर बस निघून गेलेली. गर्दीत यांना वाटलं की मी मागच्या दाराशी आहे. माझा फोन बंद. चार्जर यांच्या सॅकमध्ये, पाण्याची बाटली यांच्याकडे, पैसे यांच्या खिशात. माझ्याकडे साबण, दोन टॉवेल आणि तीन पुस्तकं. सव्वा तास बाकावर बसले. हे पुढच्या थांब्यावर उतरून रिक्षाने परत आले तेव्हा मी रडले आणि मग भांडले.

पुढे कन्नडच्या घाटात गाड्या तुंबलेल्या. दीड तास. वेरूळला अंधारात पोहोचलो. खर्च लिहीत नाही.

शुक्रवार, नांदगाव

सकाळी कैलास लेणं. दुपारी शिऊर बंगल्यावरून, कासारीचा घाट उतरून घरी. मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग होण्याआधी वेरूळला जाणारा प्रवासी नांदगावलाच उतरायचा आणि याच वाटेने टांग्याने जायचा, तेही ट्रंका घेऊन. मला एसटीत अर्धं तिकीट, यांना पूर्ण.

गावात शिरलो तेव्हा रस्त्याकडेला ट्रक उभा होता. ऊसतोडीला निघालेली बारा-चौदा माणसं सामान चढवत होती. आमच्या तालुक्यातून दर दिवाळीनंतर अशी गाड्या भरून माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या जोडीला मिळते आणि पाचेक महिने दोघं फडात राबून ती फेडतात. मी सॅक टेकवून उभी राहिले. पस्तिशीची एक बाई दोरी बांधत होती. तिने विचारलं, "ताई, तुम्ही कुठं निघाला?" फिरायला, हे सांगताना संकोच वाटला. तिने मात्र सॅक उचलून पाहिली आणि म्हणाली, "दोन जीवांना एवढं?"

तिचं सामान सांगते. बाजरीची दोन पोती, तवा, दोन पातेली, परात, चार गोधड्या, पाण्याचा कॅन, ताडपत्री, कोयते. पाच महिन्यांचं घर. ताडपत्री सगळ्यात शेवटी चढवली. का, तर रात्री उतरल्यावर कोपीवर आधी तीच लागते. खाली दाबली गेली तर अंधारात सगळं उपसावं लागतं. तव्यात काडेपेटी बांधलेली, तोही वरच. कमरेला वेगळी पिशवी : आधार, रेशनकार्ड, थोडे पैसे. नवऱ्याकडे तशीच दुसरी. "भाकरीबी दोन फडक्यांत बांधली," ती म्हणाली. "गाडी फुटली, माणूस मागं राहिलं, तर उपाशी नको राहायला. बाकी सगळं दोघांत एकच."

हे काल बाकावर बसून मला सुचलं नव्हतं. आम्ही नेमकं उलट केलं होतं. प्रत्येकाचे टॉवेल, बूट, पुस्तकं वेगळी आणि पाणी, पैसे, चार्जर एकाकडे.

तिची सहा वर्षांची मुलगी आजीच्या कडेवर होती. ती मागे राहणार, शाळा आहे. ट्रक सुरू झाला तेव्हा पोरगी रडली नाही, आजी रडली. आमचं जाणं हौसेचं, त्यांचं उचल फेडण्यासाठी. ही दोन जाणी एका मापाने मोजायची नाहीत. पण सामान बांधायचं मी तिच्याकडून शिकले, हे इथे लिहून ठेवते.

शनिवार, नांदगाव

सकाळपासून जमिनीवर सगळं पसरलं. 'असू दे' म्हणायचं नाही, एवढीच अट. जीन गेल्या, टॉवेल गेले, बुटांचे दुसरे जोड गेले, स्टीलचा डबा गेला. पुस्तकांतलं एक ठेवलं, ते वाचून झालं की कुणाला तरी देऊन पुढे जायचं. कपडे अंगावर एक, सॅकमध्ये दोन, तेही पटकन वाळणारे. स्वेटर एकेक. साबण, शाम्पू, सुईदोरा, नेलकटर, कात्री दोघांत एक.

पाणी, पैसे, टॉर्च, चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचा नंबर आणि कागदांच्या प्रती दोघांकडे वेगवेगळ्या. यांनी वीस रुपयांच्या नोटांची एक गुंडाळी माझ्या पाऊचमध्ये घातली. चादर आणि पंचे सगळ्यात वर.

संध्याकाळी पुन्हा काट्यावर. यांची ५ किलो ८००, माझी ४ किलो ९००. दुकानदाराने वजनाचे पैसे घेतले नाहीत.

सोमवारी सकाळची गाडी.