‘सिनेमात दाखवतात तसं नव्हतं’

टीव्हीवर हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या कुणालाही विचारा, बलात्काराचा सीन कसा असतो. पाऊस, रिकामं घर, मागे सरकत जाणारी मुलगी, फाटलेली बाही, फुटलेली फुलदाणी. मग कॅमेरा वर फिरणाऱ्या पंख्याकडे जातो. आमच्या घरी हे सुरू झालं की बाबा पेपर उघडायचे आणि आई ‘कुकर बघते’ म्हणत उठायची. या सीनला आमच्याकडे नावही नव्हतं. ‘तसलं काहीतरी’, बस्स. शाळेत यावर कुणी बोललं नाही, घरीही नाही. त्यामुळे बलात्कार म्हणजे काय, हे माझ्यासारख्या अनेकांना रणजीत आणि शक्ती कपूर यांच्या भूमिकांतून कळलं.

कॉलेज संपल्यावर दोनेक वर्षांनी एका मैत्रिणीने मला तिच्यासोबत घडलेलं सांगितलं. माणूस ओळखीचा होता. इतका, की घरच्यांनीच तिला त्याच्या गाडीतून पाठवलं होतं. ती ओरडली नाही. हातपाय जागच्या जागी थिजले, एवढंच तिला आठवत होतं. नंतर त्याने तिला व्यवस्थित घरी सोडलं आणि तिच्या आईने त्याला चहा दिला. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “पण ते सिनेमात दाखवतात तसं नव्हतं गं. मग त्याला म्हणायचं तरी काय?”

तिच्याकडे शब्द होता, पण तो त्या पावसातल्या सीनला चिकटलेला होता. स्वतःच्या अनुभवाला तो लावायचा तिला धीर होत नव्हता. आणि तिचा अनुभव काही अपवाद नव्हे. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. ही फक्त नोंदवलेली प्रकरणं.

हा गोंधळ तिच्या एकटीचा असता तर वेगळी गोष्ट. मथुरा खटला आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नातेवाईक बाहेर थांबलेले, आरोपी दोन पोलीस. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं, पण १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही, म्हणजे विरोध झाला नसावा, असा एकूण सूर. पोलीस चौकीत पोलिसांसमोर मुलीने किती जोरात ओरडायला हवं होतं? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३मध्ये कायदा बदलला. न्यायमूर्तींनी ही समजूत सिनेमातून उचलली असं मी म्हणणार नाही. सिनेमा आणि कोर्ट, दोघांनीही ती एकाच समाजाकडून घेतली. पण सिनेमाने तिला चित्र दिलं, आणि चित्र डोक्यातून सहज जात नाही.

मोर्चे निघत होते त्याच वर्षी, १९८०मध्ये, ‘इन्साफ का तराजू’ आला. त्यातले कोर्टाचे प्रसंग आजही अंगावर येतात. डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेला आरोपीचा वकील झीनत अमानच्या कपड्यांवर, धंद्यावर, मैत्रीवर प्रश्न विचारत जातो आणि खटला तिच्यावरच चालू होतो. हे खरं होतं. पण त्याच सिनेमात बलात्कार लांबलचक चित्रित केलेले आहेत. त्यातला एक पद्मिनी कोल्हापुरेच्या पात्रावर, आणि ती तेव्हा पंधराच्या आसपास होती. ज्याचा निषेध करायचा, तेच तिकीटबारीवर विकायला ठेवायचं. शेवटी न्याय मिळतो तो बंदुकीने.

‘दामिनी’ (१९९३) जास्त धाडसी होता, कारण त्यात गुन्हेगार घरातलाच होता, नवऱ्याचा धाकटा भाऊ. सनी देओलचा तारखांवरचा संवाद आजही रील्समध्ये फिरतो. पण जिच्यासाठी तो खटला उभा राहिला, त्या मोलकरणीचं नाव किती जणांना आठवतं? ऊर्मी. ती हॉस्पिटलमध्ये मरते आणि गोष्ट इतरांची होते.

बाकीच्या सिनेम्यांनी पीडितेला दोनच रस्ते ठेवले, विहीर किंवा वरात. अनिल कपूर–जुही चावलाचा ‘बेनाम बादशाह’ आणि राणी मुखर्जीचा ‘राजा की आएगी बारात’, दोन्हींत नायिकेचं लग्न बलात्काऱ्याशीच लागतं. जुन्या काळातलं म्हणून हसण्यावारी न्यावं, तर मार्च २०२१ आठवतो. अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराचा आरोप असलेल्या, महाराष्ट्रातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अटकेपासून संरक्षण मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयात त्याला विचारलं गेलं, तिच्याशी लग्न करणार का? संताप उसळल्यावर सरन्यायाधीशांनी खुलासा केला, की आम्ही ‘लग्न कर’ असं सांगितलं नव्हतं, ‘करणार आहेस का’ एवढंच विचारलं होतं. पण हा प्रश्न सुचण्यासाठी तरी लग्न हा एक तोडगा वाटायला हवा ना?

मग दाखवायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. मीरा नायरचा ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१) बघा. त्यात रियाच्या लहानपणी घडलेलं एकदाही पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो लग्नघरात सगळ्यांचा लाडका, पैशाने मदत करणारा तेज, त्याचं एका लहान मुलीभोवती घुटमळणं आणि ते बघून बदलत जाणारा रियाचा चेहरा. एकही बाही फाटत नाही, तरी शंका उरत नाही. शेवटी नसीरुद्दीन शाहने साकारलेला ललित, तेजचे सगळे उपकार डोक्यावर असताना, ऐन लग्नात त्याला निघून जायला सांगतो. त्याचे हात थरथरत असावेत असं वाटतं, पण तो सांगतो.

असा तेज अनेक घरांच्या लग्नांत जेवून, आहेर देऊन, फोटो काढून जातो. त्याला दार दाखवणारा ललित मात्र मी पडद्याबाहेर अजून पाहिलेला नाही.