श्वासाची वाट

चैत्रातली सकाळ होती. पसरणी घाटातलं तिसरं वळण ओलांडलं आणि गाडीनं मान टाकली. धूर नाही, खडखड नाही. गोष्ट ऐकता ऐकता मूल झोपी जावं तसा इंजिनाचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन मी मागच्या चाकाला दगड लावला. खाली धोम धरणाचं पाणी घासलेल्या पितळेसारखं चमकत होतं. उतारावरच्या करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. एका निष्पर्ण पांगाऱ्याच्या लाल फुलांत बुलबुलांची ये-जा चालली होती.

इंजिन थांबलं तेव्हा हे सारं ऐकू यायला लागलं. वीसेक मिनिटं तशीच बसून राहिले. मग किल्ली फिरवली, तर गाडी काहीच घडलं नसल्यासारखी सुरू झाली.

ही आमची पद्मिनी, १९८६ सालची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. जन्म मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. मूळ घराणं मात्र इटलीचं, फियाट ११०० चं. सत्तरच्या दशकात या मॉडेलला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. त्या गिअरवर अजून माझ्या वडिलांच्या हाताची झीज आहे.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात तिचं इंजिन उतरवलं. बोअर झिजले होते, रिंगा गेल्या होत्या, सायलेन्सरमधून निळा धूर यायचा. वाईतल्या मिस्त्रींनी बोअरिंग करून घेतलं, ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँकला नवी बेअरिंगं दिली, व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. पेट्रोलची टाकीसुद्धा खाली घेतली, आतला गंज धुऊन काढला आणि सुकवून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली. सुटे भाग मिळेपर्यंत फाल्गुन उजाडला. इंजिनानं पहिला आवाज दिला तेव्हा मिस्त्रींनी बॉनेटवर हात टेकला आणि क्षणभर डोळे मिटले.

असं नव्यानं बांधलेलं इंजिन घट्ट असतं. रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती यांची एकमेकींशी अजून ओळख व्हायची असते. पहिले हजारेक किलोमीटर त्याला पळवायचं नाही, ताणायचं नाही. मग ऑइल बदलायचं, टॅपेट पुन्हा तपासायचे. नव्या लावणीच्या रोपाला आपण जसं जपतो, तसंच हे.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा समजलं की इंजिन म्हणजे मुळात एक श्वास आहे. माणूस सहज घेतो तो श्वास अर्ध्या लिटरचा. पद्मिनीचा एक सिलिंडर एका वेळी त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त हवा ओढतो. पण एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ती कुठून येते? याच करवंदीवरून, याच धरणाच्या पाण्यावरून. आणि पेट्रोल तरी कुठलं? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी साठवलेलं ऊनच ते. जळताना त्यातून पाणीही निघतं, लिटरमागे जवळजवळ लिटरभर. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब जमतात ते याचेच. जुनं ऊन आणि आजचा वारा एका लोखंडी ओंजळीत भेटतात आणि गाडी चालते. हे कळल्यापासून मला गाडी सुरू करताना नमस्कार करावासा वाटतो.

पण गाडी थांबत होती. पसरणीत थांबली, मग मेणवलीच्या सपाट रस्त्यावरही थांबली. दर वेळी थोडा वेळ छान पळायची, मग विझायची, आणि थोड्या विसाव्यानंतर पुन्हा निघायची. इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, म्हणून पाहील त्याचा संशय इंजिनावरच जाई. कुणी म्हणालं टायमिंग चुकलंय, कुणी म्हणालं हेड परत खोला. मिस्त्री मात्र घाई करत नव्हते. म्हणाले, "ताई, येका टायमाला येकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाय."

मग आम्ही एकेक गोष्ट घेतली. पहिला संशय उन्हावर. चैत्रात बॉनेटखाली पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून पाहिलं, फरक नाही. पहाटे, दव असताना निघाले, तरी थांबली. म्हणजे ऊन निर्दोष. दुसरा संशय कॉइलवर, कारण काही कॉइल तापल्या की ठिणगी सोडतात. गाडी थांबल्याबरोबर प्लग काढून पाहिला. ठिणगी निळी, टणक. तीही निर्दोष. मग कार्बोरेटरचं झाकण उघडलं, तर वाटी कोरडी. पंपाचा पडदा नवा, फिल्टर स्वच्छ, नळीला कुठे चीर नाही, तरीही पेट्रोल पुढे येत नव्हतं.

मी एक वही केली. किती किलोमीटरवर थांबली, ऊन होतं की गारवा, चढ होता की सपाटी, टाकीत पेट्रोल किती, सगळं लिहू लागले. पक्षी पाहणारे लोक वही ठेवतात तशीच ही. पंधरा दिवसांनी पानं चाळली तेव्हा एक ओळ आपोआप वर आली. टाकी काठोकाठ भरली की गाडी लवकर थांबे. टाकी अर्धी असली की दूरवर जाई. भरल्या पोटी दम लागणं आणि रिकाम्या पोटी चालणं, असा हा उलटा आजार होता.

वही मिस्त्रींपुढे ठेवली. ते वाचून काही बोलले नाहीत. आम्ही टाकी भरून निघालो. ठरल्याप्रमाणे गाडी थांबली. ते उतरले, मागे गेले आणि टाकीचं झाकण हळूहळू फिरवू लागले. त्या शांत रस्त्यावर तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. झाकणाखालून हवा आत जात होती, लांब, सुस्काऱ्यासारखी. बराच वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसानं वर येऊन घ्यावा तसा तो श्वास होता. झाकण सैल ठेवून किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली आणि घरापर्यंत कुठेही थांबली नाही.

पेट्रोल बाहेर जातं तेवढीच हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी टाकीला एक बारीक श्वासनळी असते. ती बुजली की पेट्रोल कमी होत जाईल तसा आतला दाब उतरतो आणि शेवटी पंपाची ओढ हरते. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून तिथे दाब झपाट्यानं उतरतो. अर्ध्या टाकीतली भरपूर हवा ताण बराच वेळ सोसते. थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा झिरपायची, म्हणून गाडी पुन्हा निघायची. झाकणाला आम्ही हौसेनं नवा रबरी वॉशर लावला होता. जुन्या वॉशरमधून झिरपली असती ती हवासुद्धा त्यामुळे अडली.

मिस्त्रींनी नळी सोडवली, उजेडात धरली. आरपार काहीच दिसेना. सायकलच्या स्पोकनं टोकरलं तेव्हा तळहातावर सुक्या चिखलाची एक गुळगुळीत गोळी पडली. तिच्यामागे काही वाळक्या अळ्या आणि एक कागदासारखा पातळ कोष.

कुंभारीण माशी. टाकी रिकामी, शेडच्या सावलीत उभी. पावसानं ओल्या झालेल्या मातीचे ते दिवस. तिला ती नळी घरासारखी वाटली असणार. कुंभारणीच्या काही जाती मातीचे इवलेसे गाडगे घडवतात, काही तयार भोकातच संसार मांडतात. जबड्यात ओल्या मातीचा कण धरून ती किती फेऱ्या करते ते मोजायला बसावं, तर माणूस थकतो. आत अंडं घालते, नांगीनं निपचित केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. आपल्या जुन्या लोकांनी त्या घरात अळी शिरताना आणि माशी निघताना पाहिली. ध्यासानं अळीची माशी होते, असं मानून त्यांनी भक्तीला भृंग-कीटकाचा दृष्टांत दिला. खरं म्हणजे आत जाते ती अळी बाळाचा शिधा असते. मला हे सत्य त्या दृष्टांताहून उणं वाटत नाही. जे बाळ ती कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी तिनं सारं भरून ठेवलं होतं.

फाल्गुनात आम्ही टाकीत पेट्रोल भरलं आणि त्या वाफेत तो कोष तसाच राहिला. एका आईनं बाळासाठी दार लिंपलं, त्यामुळे आमच्या गाडीचा श्वास अडला. आमच्या गाडीच्या वाफेनं तिच्या बाळाचा श्वास अडला. मी ती मातीची गोळी करवंदीच्या बुडाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढले. गाडी कुठेच अडखळली नाही. घाटमाथ्यावरच्या टेबल लँड पठारावर गेले. पायाखाली तांबडा जांभा, त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. सुमारे तेराशे मीटर उंचीवर हवा विरळ होते, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळू लागतं, आणि विरळ हवा गाडीलाही थोडी जाणवते. दरीतून आलेला वारा मी छातीभर घेतला आणि बॉनेट उघडून तापलेल्या इंजिनालाही तो लागू दिला.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल आणि इंजिनाच्या कामानंतर ती रुसली असेल, तर लगेच हेड खोलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, वही ठेवा, आणि ती थांबेल तिथे थोडा वेळ गप्प बसा. हवा कुठून येते, कुठे अडते, ते आधी पाहा.

आमच्या श्वासनळीच्या तोंडाला आता बारीक पितळी जाळी आहे. शेडच्या भिंतीला मी बोटभर जाडीच्या बांबूचे सहा तुकडे बांधले आहेत. पाऊस ओसरला तेव्हा त्यातल्या दोन तुकड्यांची तोंडं चिखलानं लिंपलेली दिसली.