छत

आमच्या दिवाणखान्यात डोक्यावर जे आहे त्याला आम्ही छत म्हणतो. खरे पाहता ती वरच्या बिऱ्हाडाची जमीन आहे. तिथे खलबत्ता वाजू लागला की खाली आमचे बोलणे थांबते!

संस्कृतातला 'छद्' म्हणजे झाकणे. छत्र, छत्री, आच्छादन ही त्याचीच पिलावळ, आणि कपट झाकणारे छद्मसुद्धा. 'छात्र'ही त्याच घरचा. गुरूचे दोष छत्रासारखे झाकतो तो छात्र, असे जुने वैयाकरण सांगतात. (आजच्या कॉलेजात हे सांगून पाहावे!)

मराठीत मात्र जुन्या घरी छत म्हणजे कापड. आढ्यावरची जळमटे, पाली, कौलांतून झरणारी माती बैठकीत पडू नये म्हणून वर कापड ताणून बांधीत, ते छत. त्याऐवजी फळ्या ठोकल्या की झाली तक्तपोशी. यात तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे झाकणारे, दोन्ही शब्द फारसी. वर माती चोपून केलेले सपाट ते माळवद, आणि त्याखालून दिसणाऱ्या कड्या नि फळ्या म्हणजे कडीपाट. वस्तू निराळी म्हणून नाव निराळे. स्लॅब आला आणि एकटे छत तेवढे उरले.

म्हणी मात्र या छताच्या वाट्याला आल्या नाहीत. त्या उतरत्या छपराने पळवल्या. आढ्याचे पाणी वळचणीला, घर फिरले की घराचे वासेही फिरतात, खाल्ल्या घरचे वासे मोजणे. (आढ्यतेचा मात्र आढ्याशी संबंध नाही हो, आढ्य म्हणजे श्रीमंत.)

आमच्या नातीला या म्हणी शाळेमुळे तोंडपाठ आहेत. पण ती जन्मली चौथ्या मजल्यावर. "आजोबा, वासे म्हणजे वासच ना? मग ते मोजतात कसे?" असे तिने विचारले, तेव्हा बोट वर करून दाखवायला माझ्यापाशी पंख्याखेरीज काही नव्हते. शेवटी जाडजूड शब्दकोश अर्धा उघडून टेबलावर पालथा घातला. ही वरची कणा दिसते ना, ते आढे. तिच्यावरून खाली टेकवलेल्या पेन्सिली म्हणजे वासे. आणि पानांची कड ती वळचण. तिने पेन्सिली मोजल्या. मग स्वयंपाकघरातून चमचाभर पाणी आणून, मी नको नको म्हणेपर्यंत, आढ्यावर ओतले.

पाणी बरोबर वळचणीला आले. कोश अजून गॅलरीत वाळतो आहे.