मंद आच

माणसाला ताप आला की आपण कपाळाला हात लावतो. संगणकाच्या बाबतीत ती सोय नाही. चिरंजीवांनी सुटे भाग आणून घरीच जुळवलेल्या आमच्या संगणकाचा ताप पडद्यावर आकड्यांत उमटतो. मे महिन्यात जड कामाला प्रोसेसर ९५ अंशांवर जाई. तुम्ही म्हणाल, मोठा पंखा बसवा! चिरंजीवांनी वेग तोच ठेवून व्होल्टेज १.३० वरून १.२० वर आणले. प्रोसेसरला लागणारी वीज बहुतांशी व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी कपात, आणि उष्णता जवळजवळ पंधरा टक्क्यांनी कमी! मात्र फार उतरवले की यंत्र मध्येच मान टाकते. म्हणून एकेक पायरी उतरायची आणि तासन्‌तास अवघड गणिते घालून पाहायचे.

उलट, जादा व्होल्टेजने चिप कायमची झिजते. २०२४ साली इंटेलला आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत तसे मान्य करावे लागले.

हेच चिरंजीव यंदा बारावीला आहेत. क्लासवाले म्हणतात, दाब वाढवा. मी रात्री साडेदहाला दिवा मालवतो. वेग टिकला की नाही, ते निकाल सांगेलच; पण मुलगा मध्येच मान टाकत नाही, हे मी रोज पाहतो.