देवडीवरचा अनोळखी

यंत्र सुरू करतांना आम्ही जो परवलीचा शब्द टाइप करतों, तो नेमका कोणाच्या कानीं घालतों, याचा विचार लिनक्स वापरणारे फार थोडे लोक करीत असतील. आमचीं पत्रें, अर्धवट लेख, घरचे हिशेब सारें कुलूपबंद डिस्कमध्यें आहे खरें. पण शब्द विचारतें तें इनिट्रॅमएफएस नांवाचें एक लहानसें गाठोडें. बूटलोडर तें कर्नलबरोबर मेमरींत आणून ठेवतो. कर्नल तें सोडून त्यांतील 'इनिट' चालवितो. मग ड्रायव्हर भरणें, परवली विचारणें, डिस्क उघडणें हीं कामें उरकून तें निघून जातें.

आतां मौज अशी कीं, सिक्युअर बूटमध्यें बूटलोडरची सही तपासतात, कर्नलची तपासतात. या गाठोड्याची मात्र बहुतेक वितरणांत कोणीच तपासत नाहीं. तें प्रत्येक यंत्रावर जागच्या जागीं बांधलें जातें, मग सही करणार कोण? वाड्याच्या भिंती भक्कम कराव्यात आणि देवडीवर अनोळखी माणूस बसवावा, तसला हा प्रकार. शिवाय तें बहुधा डिस्कच्या उघड्या भागांत पडलेलें असतें. हॉटेलांत यंत्र टाकून आम्ही जेवावयास गेलों, तर परवली टिपून घेणाऱ्या चार ओळी त्यांत घालून कोणीही तें पुन्हा बांधूं शकेल. योआन्ना रुत्कोव्स्का यांनीं २००९ सालीं अशा हल्ल्याला 'दुष्ट मोलकरीण' हें नांव दिलें. (मोलकरणींवर हा अन्यायच!) २०१६ सालीं तर असें उघडकीस आलें कीं, कांहीं वितरणांत एंटरची कळ सुमारें ७० सेकंद दाबून धरली, तर हें गाठोडें थकून रूटचा शेलच हातीं देत असे. डिस्क उघडत नसे. परंतु उघड्या भागांत फेरफार करावयास तेवढें पुरे.

कर्नल व गाठोडें एकाच फायलींत शिवून वर एक सही करावी, हा उपाय आतां निघाला आहे. पण सही वितरकाची असली, तर आंत आपल्या गरजेचा ड्रायव्हर घालण्याची मुभा जाते. यास्तव आम्ही स्वतःच्या किल्लीनें सही करण्याच्या पक्षाचे आहों. किल्ली त्याच कुलूपबंद डिस्कवर राहते. बंद यंत्र चोरणाऱ्यास ती मिळत नाहीं, चालू यंत्रांत शिरणाऱ्यास मिळते. कर्नल बदलला कीं सही पुन्हा करावी लागते, तेवढी यातायात आम्ही पत्करली आहे. अशिलांचीं कागदपत्रें अशाच यंत्रांत ठेवणाऱ्या आमच्या वकील शेजाऱ्यांना मात्र हें सारें करा म्हणून सांगावयास आमची जीभ रेटत नाहीं.