फुगडीतला हात

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, मराठवाडा-विदर्भाच्या शिवेवरचे गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला, तेव्हापासून आपल्याकडे पंचमीची पूजा सुटली. फुगडी मात्र बायांनी सोडली नाही. बरेच केले!

पुण्यात शिकणारी भाची सुट्टीत आली नि साल्सा नाच करून दाखवू लागली. न्यूयॉर्कमधल्या क्यूबा आणि पोर्तो रिकोच्या लोकांत वाढलेला हा जोडीचा नाच. आठ मोजायचे, चौथ्याला नि आठव्याला पाऊल थांबवायचे. एकाने हाताच्या हलक्या दाबाने खूण द्यायची, दुसऱ्याने ती ओळखायची. हात ढिला पडला की खूण पोचत नाही.

माझ्या आईने तिला अंगणात ओढले. हातांची कैची, पावलांशी पावले, कोपरे ताठ, अंग मागे. फुगडीत पुढारी नसतो. मी तुझ्या भारावर, तू माझ्या. जड अंगाचीने कमी झुकायचे. थांबताना आधी वेग उतरवायचा, मगच हात सोडायचा.

लहानपणी एका मुलीने माझा हात भर फुगडीत सोडला. "कोणाचा हात धरलास गं?" असे तिची आई लांबून ओरडली होती. माझे कोपर फुटले. वण अजून आहे.

भाची म्हणाली, "मावशी, आमच्या वर्गात दर गाण्याला जोडी बदलते. जात कोण विचारतो?"

"आणि आडनाव?"

ती नुसतीच हसली आणि आजीचे हात पुन्हा धरले.